पद्मावती बोटीच्या वाटेने

कोकणातल्या आपल्या माणसांना समुद्र नवा नाही. परंतु समुद्र पाहायला म्हणून कोकणात जाणारे आपल्यात थोडेच. आपण गावी जातो ते भीमजयंतीला, लग्नकार्याला, मे महिन्यात घराची कौले चाळायला, नाहीतर कुणी गेल्याचा निरोप आला म्हणून. रात्रीच्या एस. टी.त बसायचे, पहाटे फाट्यावर उतरायचे, डोक्यावर बोचके घेऊन वाडीची चढण चढायची आणि दोन दिवसांनी त्याच एस. टी.ने परत फिरायचे. रस्त्यात काय लागते, खाडीपलीकडे कोणते गाव आहे, डोंगरात कुणाची लेणी आहेत, हे पाहायला सवड कुणाला असते? कामावर खाडा पडला की पगार कापला जातो, हे आपले सर्वांचे गणित.

म्हणूनच या थंडीत आम्ही दोन कुटुंबांनी ठरवले की, पाच दिवस सवडीने हिंडायचे. एक भाड्याची सात आसनी गाडी घेतली. भाडे आणि डिझेल माणशी वाटून घेतले. बरोबर मुले होती आणि ऐंशी ओलांडलेली आत्या होती. घाई करायची नाही, दिवसाला फार मजल मारायची नाही, जिथे चांगले वाटेल तिथे थांबायचे, एवढाच नियम. वाट निवडली ती रायगड जिल्ह्यातल्या मांदाडच्या खाडीपासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळपर्यंतची. हा किनारा अजून शांत आहे. अलिबागसारखी गर्दी नाही, की गोव्यासारखा गोंगाट नाही. पण आम्ही ही वाट निवडली त्याला आणखी एक कारण होते. ते ओघात येईलच.

मुंबईहून निघून महामार्गाने इंदापूरपर्यंत आलो. हे पुणे जिल्ह्यातले इंदापूर नव्हे, माणगावच्या अलीकडचे. तिथून उजवीकडे तळ्याचा रस्ता धरला. तळे सोडले की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना झाडी येते आणि पुढे मांदाडची खाडी दिसू लागते. याच खाडीवर, डोंगराच्या कुशीत कुड्याची लेणी आहेत. एकूण २६ लेणी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झालेली. वर उभे राहून खाली पाहिले की, भिक्षुसंघाने ही जागा का निवडली असेल ते कळते. समोर खाडीचे शांत पाणी, भरती-ओहोटीबरोबर येणारी जाणारी होडी आणि पाठीला डोंगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात कोकण किनाऱ्यावरील मंदगोरा नावाच्या बंदराचा उल्लेख आहे. ते बंदर म्हणजेच हे मांदाड, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे परदेशी गलबते जिथे लागत, त्या बंदराच्या डोक्यावर बुद्धाचा धम्म पावसाळ्यात वर्षावासाला बसत होता.

सहाव्या लेण्यात दर्शनी भागावर हत्ती कोरलेले आहेत. आत बुद्धमूर्ती आहेत, त्या नंतरच्या काळातल्या. पण मुलांना दाखवण्यासारखी खरी गोष्ट भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे. ही लेणी कुणी दिली, याची नोंद त्या अक्षरांत आहे. इथे राज्य करणाऱ्या महाभोज घराण्यातल्या लोकांची नावे आहेत हे खरे. परंतु त्यांच्याबरोबर कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान आहे, एका माळ्याचे दान आहे, वैद्याच्या घरातल्यांचे दान आहे. अयितिलू नावाच्या ब्राह्मण उपासकाची पत्नी भयिला हिने चैत्यगृह दिले आहे. भिक्षुणींची नावेही आहेत. राजा, बाई, माळी आणि लोखंड विकणारा यांची नावे एकाच डोंगरावर, एकाच लिपीत. ज्या देशात पुढे माणसाच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्याच देशात हे घडले होते. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला नवे काही दिले असे लोक म्हणतात. कुड्याच्या डोंगरावर उभे राहिले की कळते, त्यांनी आपले हरवलेले आपल्याला परत दिले.

आम्ही तिथे बुद्धवंदना घेतली. दगडी ओट्यावर बसून घरून आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. खाल्ल्यावर मुलांनी कागद-पिशव्या गोळा करून गाडीत टाकल्या. लेण्यांत कचरा करणारा मनुष्य, मग तो कोणत्याही समाजाचा असो, आपल्याच पूर्वजांच्या घरात घाण करतो, हे मुलांना एकदा सांगितले की पुरते.

संध्याकाळी म्हसळामार्गे श्रीवर्धनला पोहोचलो. श्रीवर्धन म्हटले की रोठा सुपारी. गावात शिरताच नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा या वाड्यांतली झाडे काड्यांसारखी मोडली. पोफळीला फळ धरायला वर्षे लागतात. एका वाडीवाल्या काकांनी दाखवले, जुन्या उंच झाडांच्या मधे नवीन रोपे उभी आहेत. "ही माझी नाहीत, ही नातवाची," ते म्हणाले. किनाऱ्यावर सुरूची झाडे, त्यांच्या सावलीत बसून सूर्य बुडताना पाहिला. मुले पाण्यात शिरली. आत्या वाळूत पाय पसरून बसली आणि म्हणाली, "आमच्या वेळी दर्या बघायला कोण येत होता रे? दर्यातून यायचं आणि दर्यातून जायचं, एवढंच." आत्या लहानपणी मुंबईहून बोटीने गावी जात असे. भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचे. बंदराजवळ बोट खोल पाण्यात उभी राहायची, मग पडावात उतरायचे. पडाव हेलकावत असताना बाया पोरांना छातीशी धरून डोळे मिटून बसत. ओल्या लुगड्याने, डोक्यावर ट्रंक घेऊन गुडघाभर पाण्यातून किनाऱ्याला लागायचे. त्या जुन्या प्रवासी बोटी बंद होऊन कित्येक वर्षे झाली. पण आपल्या आजी-आजोबांची मुंबई अशी समुद्रावरून सुरू झाली, हे आजच्या मुलांना ठाऊक असायला हवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिहरेश्वरावरून बागमांडल्याला आलो. इथे सावित्री नदी समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे वेसवी, तो रत्नागिरी जिल्हा. मधली खाडी बाणकोटची. गाडीसह माणसे पलीकडे नेणारी जंगलजेटी इथून सुटते. गाडी आत चढवायची, फळी वर उचलली जाते आणि दहा-पंधरा मिनिटांत पलीकडचा धक्का येतो. पर्यटक त्या दहा मिनिटांत फोटो काढतात. आम्ही मुलांना कठड्याशी उभे केले आणि सांगितले, नीट पाहा, आपण आता बाबासाहेबांची वाट आडवी ओलांडतो आहोत.

आम्ही ही वाट निवडली त्याचे कारण ते हेच. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तो आपल्यापुरता मान्य केला. कागदावर तळे खुले झाले, पण पाण्याला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. परत जाणाऱ्या माणसांना त्या दिवशी काठ्यांनी मारले गेले. तळ्याचे शुद्धीकरण केले गेले. म्हणून डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह परिषद ठरली.

आता महाडला जायचे कसे? नेहमीची वाट धरमतरवरून, पुढे मोटारीने. पण मोटारवाल्यांनी ऐनवेळी आपल्या माणसांना बसू दिले नाही तर? तेव्हा दूरची असली तरी समुद्राची वाट धरली. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आणि दोनशेवर प्रतिनिधी पद्मावती बोटीने मुंबईहून निघाले. समुद्रातून सावित्रीच्या खाडीत शिरून दासगाव बंदराला उतरायचे आणि तिथून पाच मैल चालत महाड गाठायचे. मोटार मिळो न मिळो, पाय तर आपलेच आहेत! २५ डिसेंबरला दासगावला उतरून मंडळी महाडकडे चालत गेली. परिषदेला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाच्या मनाईमुळे तळ्यावरचा सत्याग्रह पुढे ढकलला गेला, आणि तो दावा लढवत लढवत १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. दहा वर्षे एका तळ्यासाठी!

दासगावला जाणारी कोणतीही बोट समुद्रातून याच खाडीच्या तोंडातून आत येणार, दुसरी वाट नाही. म्हणजे बागमांडल्याचा धक्का आणि बाणकोटचा किल्ला यांच्या मधले हे जे पाणी, त्यावरून ती बोट गेली. मुले गप्प होऊन पाण्याकडे पाहत होती. एकाने विचारले, "बाबासाहेबांना बोट लागली असेल का?" सगळे हसले. आत्या मात्र हसली नाही. "दोनशे माणसं होती म्हणतोस ना? कुणाला तरी लागली असंलच. तरी गेलीच ना सगळी," ती म्हणाली. मला तिचे बोलणे कोणत्याही भाषणापेक्षा मोठे वाटले.

वेसवीहून बाणकोटचा चढ चढून किल्ल्यावर गेलो. जांभ्या दगडाचा लहानसा किल्ला. १७५५ साली तो इंग्रजांच्या हाती आला. बुरुजावरून खाडीचे तोंड, समोरचा हरिहरेश्वराचा डोंगर आणि दूरवर मच्छीमारांच्या होड्या दिसतात. वारा असा की पदर सांभाळता सांभाळता बायकांची पुरेवाट. तिथून वेळासला उतरलो. वेळास हे कासवांचे गाव. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे थंडीत या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. पूर्वी अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत पिल्ले बाहेर पडतात आणि ती समुद्रात जाताना पाहायला लोक येतात. गावातली घरे पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय करतात. आमच्या वेळी पिल्ले नव्हती, फक्त जाळी लावून राखलेली घरटी होती. पण घरगुती जेवण झकास मिळाले. कुळथाची पिठी, भात, तळलेला बांगडा आणि सोलकढी. जेवू घालणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "कासवांमुळे घरात चार पैसे येतात, पोरांची फी निघते."

हे ऐकताना एक विचार मनात आला, तो वाचकांपुढे ठेवतो. या किनाऱ्याच्या अनेक गावांत समुद्राकाठी वाड्या-बागा असतात आणि आपली बौद्धवाडी वर माळावर, कातळाकडेला असते. बागेजवळचे घर पाहुण्यांना दिसते, माळावरचे दिसत नाही. पण आपल्या वाड्यांतही आता पक्की घरे आहेत, संडास-न्हाणी आहेत, मोकळी हवा आहे आणि आपल्या आया-बहिणींच्या हाताची चव तर कुणाला कमी नाही. वर्षातले दहा महिने मुंबईकरांची घरे कुलूपबंद असतात. चार घरांनी मिळून घरगुती निवास सुरू केला, तर गावात राहणाऱ्या भावजयीला रोजगार मिळेल आणि आपली माणसे हिंडायला निघतील तेव्हा त्यांना हक्काची जागा होईल. मुक्कामाला गेल्यावर "आडनाव काय?" हा प्रश्न अजूनही कुठे कुठे कानावर येतो. त्याला हेही एक उत्तर आहे.

तिसरा दिवस सगळ्यात सुंदर. वेळासहून चढ-उतार करीत केळशीला आलो. केळशीच्या खाडीच्या तोंडाशी वाळूची मोठी टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला आहे. केळशीहून आडे, पाडले, आंजर्ले अशी वाट समुद्राला बिलगून जाते. उजव्या हाताला लाटा, डाव्या हाताला डोंगर, मधे केवड्याची बने. तासाभरात एखाददुसरी मोटारसायकल भेटेल, एवढी शांतता. आम्ही तीनदा गाडी थांबवली. एकदा चहासाठी, एकदा शिंपले वेचायला आणि एकदा काहीच न करायला. काहीच न करता बसणे हेही गरिबाला शिकावे लागते. आत्या म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला काम सांगितलं नाही!"

याच शांत वाटेवर डोंगराच्या उताराकडे नीट पाहावे. नाचणी-वरीची वरकस जमीन, दगड रचून केलेले बांध, इतका चढ की बैल उभा राहणार नाही. या उतारावर आपल्या आणि कुणबी समाजाच्या पिढ्या राबल्या. गावाचा मालक खोत. पिकातला अर्धा हिस्सा त्याला, म्हणून त्याला अर्धेल म्हणत. शिवाय वेठ वेगळी. खोताच्या घरी लाकडे फोडायची, पालखी वाहायची, ती फुकट. बाबासाहेबांनी १९२९ साली चिपळूणला शेतकरी परिषदेत या जाचाविरुद्ध आवाज उठवला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. त्यात कुणबी होते, आगरी होते, आपण होतो. जातीच्या भिंती ओलांडून कसणारा माणूस एक झाला होता. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. तोवर आपली निम्मी माणसे मुंबईच्या गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात पोहोचली होती.

आज त्याच उतारांवर प्लॉट विक्रीच्या पाट्या दिसतात. सागरी रस्ता रुंद होणार म्हटल्यावर कातळालाही भाव आला. इथे एका कारकुनाचा सल्ला ऐका. गावी गेलात की सातबारा आणि आठ अ काढून पाहा. आजोबांचे नाव अजून असेल तर वारसनोंद करून घ्या, त्यात बहिणींची नावेही घाला, तो त्यांचा हक्क आहे. वतनाची जमीन असेल तर ती कोणत्या शर्तीवर पुन्हा दिली गेली ते पाहा. अशा नव्या शर्तीच्या जमिनीची विक्री परवानगीवाचून होत नाही. आणि चहा पाजून कुणी कुलमुखत्यारपत्रावर सही मागितली, तर चहा प्या, सही करू नका. ज्या जमिनीसाठी दहा वर्षांवर लढा चालला, ती एका सहीने जाता कामा नये.

आंजर्ल्याहून हर्णैला पोहोचलो तेव्हा मासळीचा लिलाव सुरू झाला होता. होड्या आत उभ्या राहतात, मासळी किनाऱ्याला येते, वाळूत ढीग लागतात. पापलेट, सुरमई, कोळंबी, मांदेली. बोली करणाऱ्याचा आवाज, बर्फ फोडण्याचा आवाज, कोळणींची घासाघीस. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. सगळे पर्यटक किल्ल्याकडे पाहत होते. मी मुलांना टोपली वाहणाऱ्या माणसांकडे पाहायला सांगितले. डोक्यावर ओली टोपली, मानेवरून ओघळणारे पाणी, वाळूत रुतणारे पाय. "हे लक्षात ठेवा. उद्या याची गरज पडेल," असे म्हटले.

मुक्काम दापोलीला केला. दापोली म्हणजे जुनी लष्करी छावणी. अजूनही म्हातारी माणसे कॅम्प दापोली म्हणतात. फौजेतून निवृत्त झालेले आपले अनेक लोक इथे वस्तीला आले. त्यात गोपाळबाबा वलंगकर होते. महाडजवळच्या रावढळचे हे गृहस्थ १८८६ साली फौजेतून निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू-बोलू लागले. १८८८ सालचे त्यांचे 'विटाळ विध्वंसन' प्रसिद्ध आहे. पुढे सरकारने आपली लष्करभरती बंद केली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज करणाऱ्यांतही ते होते. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर दापोलीला आले आणि छोट्या भीमरावांच्या शिक्षणाची सुरुवात इथेच झाली. हातात वेळ असेल त्यांनी दापोलीहून पन्हाळेकाजीची २९ लेणीही पाहावीत. कोटजाई नदीच्या काठी, गर्द झाडीत आहेत. कुड्याहून कितीतरी नंतरच्या काळापर्यंत धम्म या खोऱ्यात नांदला, याची खूण तिथे मिळते.

चौथ्या दिवशी सकाळी वणंदला गेलो. दापोलीहून जवळच. इथे ७ फेब्रुवारी १८९८ रोजी रमाईचा जन्म झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहत. बोटीतून आलेली मासळी बाजारात पोहोचवायची, टोपलीमागे मिळेल ते घ्यायचे. आता मुलांना आदल्या संध्याकाळचे हर्णै आठवले. कुणाला काही सांगावे लागले नाही. लहान वयात आईबाप गेले आणि ही भावंडे काकामामांबरोबर मुंबईला, भायखळ्याला आली. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दिवसभराचा बाजार उठल्यावर रमाई आणि भीमरावांचे लग्न लागले. कोकणच्या बंदरावरचा हमाल आणि मुंबईचा बाजार, या दोन टोकांमध्ये त्या माउलीचे लहानपण गेले. पुढचे हाल आपणा सर्वांना माहीत आहेत. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. पाकिस्तानविषयीचा आपला मोठा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्याच स्मृतीला अर्पण केला.

वणंदच्या स्मारकात आत्याने खूप वेळ हात जोडून उभे राहून घेतले. मग आम्ही दाभोळ बंदरावर गेलो. वाशिष्ठी नदी इथे समुद्राला मिळते. दाभोळ एके काळी जगातल्या व्यापाराचे ठिकाण होते. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले. विजापूरच्या आदिलशाही काळातली सुंदर मशीद अजून काठावर उभी आहे. पलीकडे धोपाव्याला जाणारी जंगलजेटी ये-जा करीत होती. इतिहासाची पुस्तके दाभोळचे राजे, सुलतान, दर्यावर्दी यांची नावे सांगतात. टोपली वाहणाऱ्याचे नाव कोण लिहिणार? पण या बंदरावरच्या एका टोपलीवाल्याचे नाव आज लाखो घरांत घेतले जाते, ते त्याच्या मुलीमुळे.

पाचव्या दिवशी मंडणगडमार्गे आंबडव्याला गेलो. हे बाबासाहेबांचे मूळ गाव. गावावरून घराणे आंबडवेकर, आणि शाळेच्या दप्तरात आंबेडकर झाले. डोंगराच्या कुशीतले शांत खेडे. स्मारकात वंदना घेतली आणि महाडला उतरलो. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. तळ्यापासून थोड्याच अंतरावर वाहणारी सावित्री तीच, जिच्या तोंडावर आम्ही तीन दिवसांपूर्वी जंगलजेटीत उभे होतो. महामार्गालगत गांधारपाल्याची बौद्ध लेणीही पाहिली आणि रात्री घरी परतलो.

या पाच दिवसांत किनाऱ्यावर आम्ही अनेक पाट्या वाचल्या. इथे पेशव्यांचे मूळ गाव, इथे नाना फडणविसांचे घर, इथे आंगऱ्यांचा किल्ला, इथे जागृत देवस्थान. त्या पाट्या असू द्याव्यात, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु बागमांडल्याच्या आणि वेसवीच्या धक्क्यावर, पद्मावती बोट याच खाडीतून महाडच्या सत्याग्रहाला गेली, असे सांगणारी पाटी आम्हाला दिसली नाही. दाभोळ बंदरावर रमाईच्या वडिलांच्या टोपलीची आठवण सांगणारी ओळही दिसली नाही. वणंद, आंबडवे, महाड या जागा आपल्या माणसांनी जागत्या ठेवल्या. पण त्यांना जोडणारी समुद्राची वाट मुकी राहिली आहे. गावोगावच्या शाखांनी, मुंबईच्या मंडळांनी ग्रामपंचायतीकडे आणि बंदर खात्याकडे रीतसर अर्ज करून ही तीन पाट्यांची मागणी लावून धरावी. खर्च मोठा नाही. अर्जाचा मसुदा हवा असेल, तर तो तयार करून देण्याची जबाबदारी माझी.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे. पावसाळा टाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. खाडी ओलांडायची असेल तर जंगलजेटीची वेळ आधी विचारून घ्या. कुड्याला आणि पन्हाळेकाजीला खाणेपिणे बरोबर ठेवा, पाणी भरपूर घ्या. पाच दिवस जमत नसतील तर दापोली, वणंद, हर्णै, दाभोळ हे दोन दिवसांत एस. टी.नेही होते. समुद्रात उतरताना गावच्या माणसाला भरती-ओहोटी विचारा, अनोळखी पाण्यात शौर्य दाखवू नका. आणि घरात कुणी वृद्ध असेल तर त्यांना जरूर बरोबर न्या. बोट, पडाव, खोत, वेठ हे शब्द स्वतः जगलेली माणसे आता मोजकी उरली आहेत. त्यांच्या शेजारी वाळूत बसून, मुलांच्या हातात वही देऊन ते सगळे लिहून घ्या.

जय भीम!